कुकरची रिंग २५८ रुपयांना? डिलिव्हरी चार्जचा हिशेब

पत्र

स.न. मी कणकवलीत राहते. गेल्या दोन महिन्यांत ऑनलाइन दोन वस्तू मागवल्या आणि दोन्ही वेळा डोकं फिरलं. कुकरची रबरी रिंग १२० रुपयांची. तिच्यावर डिलिव्हरी ७९, पैसे भरायच्या अगदी शेवटच्या पानावर 'हँडलिंग फी' १०, आणि घरी रोख देणार म्हणून आणखी ४९. रिंग पडली २५८ रुपयांना! मग उशांची जोडी मागवली. किंमत ८९९, डिलिव्हरी २४०. एका उशीची शिवण उसवलेली निघाली म्हणून परत पाठवली, तर ८९९ परत आले आणि २४० 'परत मिळत नाहीत' म्हणून कापून घेतले. पुण्याच्या माझ्या बहिणीला अशाच उशा मात्र फुकट घरपोच मिळाल्या. एवढ्या मोठ्या कंपन्यांना हे पैसे खरंच लागतात का? यावर सरकारचा काही अंकुश आहे की नाही?

— एक वाचक, कणकवली

उत्तर

ताई, आधी अंकुशाचं सांगतो. डिलिव्हरी चार्ज किती घ्यावा याला आपल्याकडे कायद्याने कमाल मर्यादा नाही. म्हणून 'रक्कम फार आहे' एवढ्याच मुद्द्यावर केलेली तक्रार टिकत नाही. कायदा विचारतो ते वेगळंच: आकार आधी सांगितला होता का, मोडून दाखवला होता का, आणि वस्तू खराब निघाल्यावर तो कोणी सोसला. या कसोटीवर तुमचे ७९ आणि २४० हे आकार म्हणून ठीक आहेत, ४९ वादाचे आहेत, शेवटी उगवलेले १० चुकीचे आहेत, आणि खराब उशी परत घेतल्यावर ठेवून घेतलेले २४० तुम्ही मागून घ्यायला हवेत.

रिंगपासून सुरुवात करू. रिंगचं वजन साठ-सत्तर ग्रॅम, पाकिटासकट धरा शंभर. हे पाकीट दिल्लीहून निघालं असं समजा. तुम्ही स्वतः दिल्लीच्या पोस्टात खिडकीशी उभं राहून तेवढ्याच वजनाचे कागद स्पीड पोस्टाने कणकवलीला पाठवले असते, तर १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दराने ५१ ते २५० ग्रॅमला, १००१ ते २००० किलोमीटरसाठी ७२ रुपये पडले असते. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८५. माल पार्सलाने जातो, त्याचा दर वेगळा असतो, पण अंदाजाला हे माप पुरेसं आहे. मोठ्या दुकानदाराला कुरिअर ठोक दर देतं, त्यामुळे त्याला याहून कमी पडत असेल हे खरं. पण पाकीट, टेप, बिल, वस्तू शोधून बांधणाऱ्याचा वेळ आणि न पोचता परत आलेल्या पार्सलांचा तोटाही त्याच ७९ मधून निघतो. १२० च्या वस्तूवर ७९ डोळ्यांना खुपतात ते वस्तू स्वस्त आहे म्हणून. पोस्टमनची सायकल रिंग पाहून कमी चढ चढत नाही.

यातून एक उपाय मात्र निघतो. कुरिअरचा हिशेब टप्प्याटप्प्याने चालतो, बहुतेक ठिकाणी अर्ध्या किलोचा एक टप्पा. त्याच ७९ रुपयांत त्याच विक्रेत्याकडून रिंग, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि शिट्टी एकत्र मागवली तरी आकार बहुधा तेवढाच राहतो. 'त्याच विक्रेत्याकडून' हे महत्त्वाचं. एका कार्टमध्ये तीन विक्रेत्यांच्या तीन वस्तू असतील तर तीन पार्सलं निघतात आणि आकारही तीन लागू शकतात. वस्तूच्या पानावर विक्रेत्याचं नाव असतं, त्यावर टिचकी मारली की त्याचा बाकीचा माल दिसतो. फक्त रिंगा पाच-सहा घेऊन ठेवू नका, रबर कपाटातही कडक होतं.

आता उशा. उशांच्या जोडीचं वजन दीड किलोच्या आसपास, मग २४० कसे? कारण ट्रकमध्ये आणि विमानात किलो संपायच्या आधी जागा संपते. म्हणून कुरिअरवाले दोन वजनं काढतात: काट्यावरचं आणि खोक्यावरचं. दुसऱ्याला ते व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ५००० ने भागायचं. काही कंपन्या ४००० किंवा ४५०० नेही भागतात, मग आकडा आणखी फुगतो. दोन्हींत जे जास्त, त्यावर आकार.

तुमच्या उशा न दाबता ७० × ४५ × ३० च्या खोक्यात भरल्या, तर ९४,५०० भागिले ५०००, म्हणजे १८.९ किलो. दीड किलोच्या कापसाचं भाडं एकोणीस किलोंचं! त्याच उशा हवा काढून, दाबून ४५ × ३५ × १२ च्या पाकिटात बसवल्या तर ३.७८ किलो, म्हणजे ४ किलोंचा टप्पा. तुम्हाला २४० लागले त्या अर्थी उशा बहुधा दाबूनच आल्या असाव्यात. पार्सलवरचं लेबल अजून फाडलं नसेल तर पाहा, बऱ्याच लेबलांवर वजन आणि मापं छापलेली असतात. पुढच्या वेळी उशी, गादी, प्लॅस्टिकचा टब, वेताची टोपली, दिव्याची शेड असं काही घेताना 'व्हॅक्यूम पॅक' किंवा 'घडी होणारं' अशा वर्णनाचा माल आधी पाहा. एकात एक बसणाऱ्या तीन टोपल्यांचा संच एका टोपलीएवढ्याच भाड्यात येतो.

इथे एक गोची असते, ती ग्राहकाला दिसत नाही. विक्रेता आपल्या अंदाजाने खोक्याचं माप भरतो. पुढे कुरिअरच्या गोदामात यंत्र ते खोकं पुन्हा मोजतं. फुगवटा धरून माप वाढलं की फरकाचे पैसे विक्रेत्याच्या खात्यातून कापले जातात, आणि ते वाद त्याला महिनोन्महिने पुरतात. म्हणून हुशार विक्रेता आधीच एक टप्पा वर धरून आकार लावतो. त्याच्या बाजूने हे समजण्यासारखं आहे. भुर्दंड तुमचा, हेही तितकंच खरं.

बहिणीला फुकट आणि तुम्हाला २४०, याचं उत्तर बिलात सापडेल. ऑर्डरमधून जीएसटीचं बिल डाउनलोड करा. विक्रेत्याच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: २७ महाराष्ट्र, ३० गोवा, २४ गुजरात, २९ कर्नाटक, ०७ दिल्ली, ०६ हरियाणा. बहिणीच्या बिलावर २७ आणि कर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात विक्री झाली की लागणारा केंद्राचा आणि राज्याचा कर) असा अर्धा-अर्धा असेल, तर तिचा माल भिवंडी किंवा चाकणकडच्या एखाद्या गोदामातून निघाला असणार. तुमच्या बिलावर ०६ आणि एकच आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातून माल आला की लागणारा कर) असेल, तर तुमच्या उशा हरियाणातून आल्या. कुरिअरचे दर शहरातल्या शहरात, राज्यात, महानगर ते महानगर आणि बाकी देश अशा पट्ट्यांनी चढतात. शिवाय जिथे कुरिअरचं स्वतःचं कार्यालय नाही तिथे पुढच्या वाटेचा वेगळा अधिभार. तेव्हा वस्तूच्या पानावर पहिल्यांदा आपला पिनकोड टाका, मग किंमत वाचा. 'इतर विक्रेते' असा दुवा असेल तर तोही उघडा. तीच उशी २० रुपये महाग पण महाराष्ट्रातल्या गोदामातून मिळत असेल, तर घरपोच ती स्वस्त पडते.

आणि 'फुकट डिलिव्हरी' हा शब्द वाचताना जरा थांबा. फुकट काहीच येत नाही, भाडं किमतीत मिसळलेलं असतं. पुण्याच्या ग्राहकाला त्यात थोडं जास्त पडतं, गडचिरोलीच्या ग्राहकाला थोडं कमी, आणि सरासरीवर दुकानदाराचं भागतं. त्या दृष्टीने पाहिलं तर फुकट घरपोच योजनेत फायदा तुमच्यासारख्या लांबच्या गावातल्या लोकांचाच होतो. '४९९ च्या वर फुकट' यातली चलाखी मात्र ओळखा. कार्ट ४२० ची, डिलिव्हरी ४०. ते ४० वाचवायला ९० रुपयांची नको असलेली वस्तू टाकली तर पदरचे ५० गेले. उद्या त्यातली एक वस्तू परत केली आणि उरलेली रक्कम ४९९ च्या खाली गेली, तर काही दुकानं डिलिव्हरीचे पैसे परताव्यातून वळते करतात. ही अट परतीच्या नियमांत बारीक अक्षरात असते. वार्षिक सदस्यत्वाचंही साधं गणित आहे: वर्गणी भागिले एका डिलिव्हरीचा आकार. वर्गणी ४०० आणि आकार ४० असेल तर दहा ऑर्डरींनंतर फायदा सुरू. वर्षाला सहा ऑर्डरी करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

याच्या उलट एक प्रकार आहे, तो जास्त वाईट. वस्तू १५० ची, डिलिव्हरी २००. असं का करतात? एक तर 'कमी किमतीपासून' अशी यादी लावली की ही वस्तू सगळ्यात वर येते. दुसरं, परत करताना 'वस्तूची किंमत परत, डिलिव्हरी नाही' हा नियम दाखवता येतो. म्हणजे परत करावा लागणारा भाग मुद्दाम लहान आणि ठेवून घेता येणारा भाग मोठा. डिलिव्हरी वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त आणि वस्तू जड किंवा मोठी नाही, असं दिसलं की तो विक्रेता सोडा.

एमआरपीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण रिंगच्या निमित्ताने सांगून टाकतो. छापील १२० च्या रिंगवर ७९ वेगळे लावून, ते वेगळे दाखवून घेणं चालतं, कारण ते वाहतुकीचे पैसे आहेत. तीच रिंग '१९९, डिलिव्हरी फुकट' म्हणून विकली तर ती एमआरपीपेक्षा जास्त किमतीला विकली असं होतं, आणि त्याला वैधमापनाच्या (म्हणजे वजनमापांच्या) आवेष्टित वस्तू नियम, २०११ प्रमाणे बंदी आहे. दोन्हीकडे तुमच्या खिशातून १९९ च गेले, पण दुसऱ्या बाबतीत तक्रारीला जागा आहे. पाकिटावरच्या छापील किमतीचा फोटो आणि बिल जोडून वैधमापन विभागाकडे जाता येतं.

रोखीचे ४९. घरी पैसे घेणं कुरिअरला खर्चाचं आहे: रोकड सांभाळायची, भरायची, विक्रेत्याला काही दिवसांनी वळती करायची. त्याहून मोठा तोटा दारातून परत गेलेल्या पार्सलांचा, त्यात विक्रेत्याला जायचं-यायचं दोन्ही भाडं लागतं. पूर्वी व्ही.पी.ने, म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन सोडवायच्या पार्सलाने, पुस्तकं मागवून पोस्टमन आल्यावर 'घरी कोणी नाही' म्हणणाऱ्यांनी प्रकाशकांना हाच चटका दिला होता. तरी हा आकार वादात आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी रोख डिलिव्हरीवरच्या जादा आकारणीची चौकशी सुरू असल्याचं जाहीर केलं होतं. तुमच्यापुरतं बघायचं तर ४९ वाचवायचा सरळ मार्ग यूपीआय. रोख दिल्याने फसवणूक टळते हा समज फारसा खरा नाही. बहुतेक ठिकाणी पैसे दिल्याशिवाय पार्सल उघडू देत नाहीत, मग आत उशी आहे की वीट हे कळायच्या आत पैसे गेलेले असतात. 'ओपन बॉक्स' डिलिव्हरी असेल तरच दारात उघडून पाहता येतं.

आता १० रुपयांची हँडलिंग फी. रक्कम क्षुल्लक आहे, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात स्पष्ट चूक हीच. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात द्यायची आणि डिलिव्हरी, टपाल, हाताळणी, कर असे सक्तीचे नि ऐच्छिक आकार मोडून दाखवायचे. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्न, म्हणजे साइट-ॲपमधल्या ग्राहकाला चकवणाऱ्या युक्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत १३ प्रकार सांगितले आहेत, आणि किंमत थेंबाथेंबाने उघड करत नेणं, म्हणजे ड्रिप प्रायसिंग, हा त्यातला एक. न विचारता कार्टमध्ये विमा, देणगी किंवा सदस्यत्व सरकवणं हाही एक. ऑर्डर पक्की करताना आधीच खूण केलेला चौकोन दिसला तर काढून टाका. तुमची संमती आहे असं असल्या चौकोनातून धरून चालायला नियमांत मनाई आहे. बऱ्याचदा ही फी विक्रेत्याची नसून प्लॅटफॉर्मची, म्हणजे ज्या साइटवर तो विकतो तिची, असते आणि तिचं बिल वेगळं निघतं. तेव्हा ऑर्डरमध्ये दोन बिलं आहेत का पाहा आणि दोन्ही उतरवून ठेवा, नाहीतर तक्रारीत दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

शेवटी २४०, ज्यासाठी खरं तर हे सगळं. नियम असा आहे: माल सदोष, बनावट, वर्णनाप्रमाणे नसलेला, किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आलेला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा मोबदला परत द्यायला नकार देता येत नाही. उशिराला पूर-वादळासारखं कारण असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही दिलेला मोबदला ८९९ नव्हे, १,१३९ होता. एकूण किमतीत डिलिव्हरी धरायची असं नियमच सांगतात, मग परताव्यात ती वगळायची कशी, हा तुमचा मुद्दा. 'रंग आवडला नाही' किंवा 'आता नको' म्हणून परत केलं असतं आणि डिलिव्हरी परत मिळणार नाही हे आधी सांगितलेलं असतं, तर मात्र ते पैसे सोडून द्यावे लागले असते.

म्हणून तक्रार करण्याआधी एक गोष्ट तपासा. परत करताना ॲपमध्ये कारण निवडावं लागतं. तिथे घाईत 'आता गरज नाही' निवडलं गेलं असेल, तर परतावा यंत्राने आपोआप ठरवला आणि २४० तिथेच अडकले. ऑर्डरच्या तपशिलात निवडलेलं कारण दिसतं. चुकीचं असेल तर तक्रारीत पहिल्याच वाक्यात ते सांगा आणि उसवलेल्या शिवणीचा फोटो लावा. फोटो काढला नसेल, तर पार्सल परत न्यायला आलेल्या माणसाने काढलेले फोटो तपासायला सांगा, बऱ्याच कंपन्या ते काढतात.

ॲपमधल्या चॅटवर तक्रार क्रमांक घ्या आणि तिथे फार वेळ घालवू नका. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, पानाच्या अगदी तळाशी असतो. त्याला ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात निकाल. मजकूर एवढाच पुरे:

"ऑर्डर क्रमांक ___, दिनांक ___. उशांची जोडी. भरलेली एकूण रक्कम १,१३९ रुपये (वस्तू ८९९, डिलिव्हरी २४०). एका उशीची शिवण उसवलेली होती, फोटो जोडला आहे. वस्तू ___ रोजी परत नेण्यात आली. ८९९ रुपये मिळाले. वस्तू सदोष असल्याने ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे बाकी २४० रुपये ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात जमा करावेत."

यात 'लूट', 'फसवणूक' असे शब्द घालू नका, त्याने उत्तर लांबतं. हँडलिंग फीची तक्रार वेगळ्या पत्रात करा. एकात दोन मुद्दे आले की सोप्या मुद्द्याचं उत्तर देऊन प्रकरण बंद करतात. सोबत पैसे भरल्याच्या पानाचा स्क्रीनशॉट, बिल आणि परताव्याची नोंद जोडा.

महिना उलटूनही काही झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा, किंवा ८८००००१९१५ या व्हॉट्सॲप क्रमांकावर लिहा. मराठीत चालतं. तिथून मिळालेला डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, जपून ठेवा. बहुतेक मोठ्या कंपन्या तिथे जोडलेल्या आहेत आणि एवढ्या रकमेची प्रकरणं सहसा तिथेच मिटतात. कंपनीने 'निकाली' असं लिहून प्रकरण बंद केलं आणि पैसे आले नसतील, तर तसा अभिप्राय नोंदवून ते पुन्हा उघडायला सांगा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दाद मागता येते, म्हणजे सिंधुदुर्गातच. मुदत दोन वर्षांची. २४० रुपयांसाठी तिथवर जावं का, हे तुमच्या चिकाटीवर आहे.

मध्येच कंपनीकडून '२५० कॉइन्स दिले आहेत' असा निरोप येऊ शकतो. कॉइन्स म्हणजे त्या ॲपपुरते चालणारे गुण, ते ठरावीक दिवसांत संपतात, तिथेच खर्चावे लागतात, आणि ते स्वीकारले की तक्रार मिटली असं धरलं जातं. नको असतील तर त्याच निरोपाला लेखी उत्तर द्या: "कॉइन्स नकोत, मूळ खात्यात रक्कम हवी." रिंगसारखं तुम्ही रोख दिलं असेल तर परताव्यासाठी बँक खातं किंवा यूपीआय आयडी मागतात. ती माहिती ॲपमध्येच भरा. 'परतावा देतो' म्हणून फोन करून लिंक पाठवणाऱ्याला, ओटीपी किंवा यूपीआय पिन विचारणाऱ्याला काही सांगू नका. पैसे मिळायला पिन लागत नाही.